रात्री पाहिलेलं सकाळपर्यंत का टिकत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही भुसावळच्या, कथा लिहिता, जमेल तसं चित्रही काढता. रात्री जेवणं आटोपली की दोन-अडीच तास डॉक्युमेंटरी आणि सिरीज बघता. बघताना दहा गोष्टी सुचतात, उद्या हे लिहायचंच असं ठरतं, आणि सकाळी वही उघडली की हाताला काहीच लागत नाही. म्हणून विचारलंत की हे बघणं बंद करू, की मीच चुकीचं काही बघतेय?

बंद करू नका. मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि गेली काही वर्षं मोबाइलवर छोटे माहितीपट करतो. माझंही अगदी हेच होत होतं. आता मला वाटतं की आपण बघतो ते बरोबर, पण त्यातून उचलतो ती गोष्ट चुकते. आपण विषय उचलतो. हत्ती बघितला की हत्तीवर लिहावंसं वाटतं, जपानी सुतार बघितला की सुतारावर. पण तो विषय त्या दिग्दर्शकाच्या अंगणातला असतो, आपल्या अंगणात तो सकाळपर्यंत जगत नाही. घ्यायची असते ती त्याची बघण्याची रीत. कॅमेरा कुठे ठेवला, किती वेळ हलवला नाही, कुणाला बोलू दिलं, काय मुद्दाम दाखवलं नाही. ही रीत आपल्या घरातही चालते.

हे मला पुस्तकातून नाही, मावशीकडून कळलं. माझी मावशी पारोळ्याकडची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्याकडे चुलीवर खापर चढतं आणि पुरणाचे मांडे होतात. त्या काळात मी 'शेफ्स टेबल'चे भागच्या भाग बघत होतो. २०१५ साली सुरू झालेली, नामवंत शेफवरची ही मालिका तुम्ही पाहिली असेलच. त्यातलं ते संथ गतीचं चित्रण, मागून येणाऱ्या उजेडात उडणारं पीठ, व्हायोलिन. डोक्यात तेच घेऊन मी मावशीच्या चुलीपुढे बसलो. पीठ उडालं, धूर सोनेरी दिसला, हातांचे क्लोजअप आले. चार मिनिटांची फिल्म झाली आणि बघणाऱ्या सगळ्यांनी वाहवा केली. मावशीने ओटीवर बसून मोबाइलमध्ये ती शांतपणे पूर्ण बघितली आणि म्हणाली, "हात मना शेतस, पन मी कोठे शे यामा?" हात माझे आहेत, पण यात मी कुठे आहे?

त्या प्रश्नाने मी वर्षभर अस्वस्थ होतो. तिचं म्हणणं खरंच होतं. त्या चार मिनिटांत पीठ होतं, धूर होता, मी पाहिलेली मालिका होती. मावशी नव्हती.

मधल्या काळात 'माय ऑक्टोपस टीचर' बघितली, २०२० सालची. क्रेग फॉस्टर हा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या थंड समुद्रात, पाणवनस्पतींच्या त्याच जंगलात, एका ऑक्टोपसला भेटायला जवळपास वर्षभर रोज उतरत राहिला. समुद्र आणि ऑक्टोपस माझ्या काय कामाचे? माझ्या कामाचं होतं ते त्याच जागी परत जाणं. पुढच्या आखाजीला मी मावशीकडे चार दिवस आधी गेलो. पहिले दोन दिवस मोबाइल खिशातून काढलाच नाही. लाकडं फोडून दिली, हरभऱ्याची डाळ निवडली. तिसऱ्या दिवशी चार विटा रचल्या, त्यावर पत्र्याचा डबा, त्याला मोबाइल टेकवला. चौकटीत चूल, पालथं खापर आणि कमरेपासून वर मावशी. चाळीस मिनिटं हात लावला नाही.

मांडा कसा होतो हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा तळहातावरून मनगटावर जातो, मनगटावरून कोपराकडे, दोन्ही हातांवर फिरत फिरत पसरतो, इतका पातळ होतो की खालच्या हाताची बांगडी दिसायला लागते. मग एका झटक्यात खापरावर. मावशी कामाच्या वेळी अखंड बोलते. सुनेला सूचना, धुराला शिव्या, कुणाच्या लग्नात काय झालं ते. पण मांडा हातावर पुरता वाढला की ती बोलता बोलता थांबते, वाक्याच्या मधेच. श्वासही थांबतो. मांडा खापरावर पडला की मग उरलेलं अर्धं वाक्य पुरं करते. चाळीस मिनिटांत हे प्रत्येक मांड्याला झालं. आयुष्यभर तिच्या हातचे मांडे खाल्ले आणि हे मला माहीत नव्हतं. संथ गती आणि व्हायोलिन घालून मी नेमकं हेच पुसून टाकलं होतं. आणखी एक दिसलं: कोपराच्या आतल्या बाजूला चटक्यांचे जुने डाग, रांगेत. आदल्या वर्षी मी फक्त बोटं आणि तळवे टिपले होते, त्यात ते आलेच नव्हते.

ती फिल्म अकरा मिनिटांची झाली, संगीताशिवाय. मावशीने बघितली, काही बोलली नाही. आत जाऊन सुनेला हाताला धरून आणलं आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितली.

आता तुमच्या रात्रींबद्दल. अडीच तास फार होतात. चाळीस मिनिटं पुरे. 'द एलिफंट व्हिस्परर्स' चाळीस मिनिटांचीच आहे, कार्तिकी गोन्साल्विस यांनी त्यासाठी पाच वर्षं दिली, आणि २०२३ साली त्या फिल्मला ऑस्कर मिळालं. पाच वर्षांचं काम चाळीस मिनिटांत मावलेलं असताना ते आपण एका घोटात गिळून लगेच पुढचं लावावं, हे मला बरं वाटत नाही. ती बघताना लक्ष द्या की वरून माहिती सांगणारा कुणी नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातले बोम्मन आणि बेल्ली आपलं आपण बोलतात, आणि हत्तीच्या पिल्लाला भरवणं, अंघोळ घालणं अशा रोजच्या कामांतूनच गोष्ट पुढे सरकते. तुमच्या कथेतला निवेदक फार बोलतो, असं मागे कुणीतरी तुम्हाला सांगितल्याचं तुम्हीच लिहिलंय. मग ही फिल्म तुमच्यासाठीच आहे.

आधी सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. ही छोटी गोष्ट वाटेल, पण माझ्या मते अर्धं नुकसान तिथेच होतं. शेवटचं दृश्य मनात बसायच्या आत काही सेकंदांत दुसरंच सुरू होतं. फिल्म संपली की दिवा लावा आणि तिथल्या तिथे, झोपायच्या आधी, तीन ओळी लिहा. फिल्म कशाबद्दल होती हे लिहू नका. कुठल्या क्षणी तुम्ही पुढे सरकून बसलात आणि तेव्हा पडद्यावर नेमकं काय होतं, तेवढंच लिहा. आणि दीडपट वेगाने काहीही बघू नका. माहिती मिळेल, पण माणूस उत्तर देण्याआधी जो थांबतो तो थांबणं निघून जातं. लिहिणाऱ्याला तर तेच हवं असतं.

लिहून ठेवण्याबद्दल आपल्या भागात वेगळं सांगायला नको. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर त्या गात गेल्या, आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवलं म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. न उतरवलेलं किती गेलं असेल याचा विचार केला तरी जीव कळवळतो.

तुम्ही चित्र काढता म्हणून आणखी एक. आवडलेल्या दृश्यावर फिल्म थांबवा आणि ती चौकट पेन्सिलीने जशीच्या तशी काढा. वीस मिनिटं. नक्कल करायला संकोच वाटत असेल तर तुमच्याच गावातला माणूस आठवा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करायच्या कामावर नेमला गेला आणि वर्षानुवर्षं त्या लेण्यांत बसून नकला करत राहिला. लंडनला पाठवलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तरी तो याच भागात राहिला, त्याने कॅमेराही हातात घेतला, आणि १८७९ साली गेल्यावर त्याला भुसावळलाच पुरलं. नक्कल करताना हाताला कळतं की चित्रकाराने माणूस मधोमध का नाही ठेवला, वरची अर्धी जागा रिकामी का सोडली. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही.

सिरीजबद्दल थोडक्यात. 'पंचायत' आली तेव्हापासून मी वाचलेल्या निम्म्या ग्रामीण कथांतला ग्रामसेवक शहरातून आलेला, वैतागलेला आणि आतून चांगला असतो. हा विषय उचलण्याचाच दोष. त्या मालिकेतून घ्यायचं तर पहिल्या सीझनचा तिसरा भाग घ्या. ऑफिसातली चाकांची खुर्ची, लग्नाच्या वरातीतला नवरदेव त्या खुर्चीसाठी अडून बसतो, आणि अख्खा भाग त्या एका वस्तूवर उभा राहतो. आपल्याकडे अशी वस्तू कुठली? माझ्या डोक्यात कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांचे गहू आले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. आता दोन भाऊ वेगळे निघालेत, धाकटा पुण्याला आहे, चार वर्षं आलेला नाही, बोलणं बंद आहे. परात पुढे आहे, म्हातारी मुठी मोजतेय. त्याची मूठ घ्यायची की नाही? हे मला खुर्चीने दिलं, पण यात त्या मालिकेतलं फुलेरा गाव कुठे दिसणार नाही. मी गोष्टी लिहीत नाही. तुम्हाला हवं तर हे खुशाल घ्या.

साधनं नाहीत, वेळ नाही, जागा नाही, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यावर फैजा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' बघाच. मालेगाव धुळ्यापासून तासाभरावर. नासीर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे, सिनेमे बघून बघूनच शिकले. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ शफीक त्यांचा सुपरमॅन झाला. ट्रॅकिंग शॉट सायकलवरून, क्रेनचं काम बैलगाडीवर. त्यांनी बाहेरचा सिनेमा घेतला, पण त्यात आपलं गाव, आपली बोली, आपले माग घातले, म्हणून तो त्यांचा झाला. मी ही फिल्म तीनदा पाहिलीय आणि शफीक दिसला की दर वेळी गळा दाटून येतो.

आणि जागेचं म्हणाल, तर चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे, आता त्यांचं स्मारक. १९१२ साली जन्मलेले, विलायतेत शिकून आलेले हे गृहस्थ दशकानुदशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. १९८९ साली गेले. त्यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडल्या, त्यांवर उजेड टाकला आणि फोटोत आख्खी दृश्यं उभी केली. मी विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जायचो. मुलं आधी फोटोपुढे गप्प उभी राहायची आणि मग विचारायची, सर, हे टेबलावरच आहे का खरंच? जग बघायला त्यांच्याकडे ना इंटरनेट होतं ना पडदा. एक टेबल होतं आणि उजेड कुठून येतो याचं भान होतं.

तर असं करा. तुमच्या प्रश्नात ओझरता उल्लेख आहे की वडील रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीचे सांधे बदलणारे, होते आणि त्यांची हातबत्ती अजून माळ्यावर आहे. या आठवड्यात नवीन काही लावू नका. एकच फिल्म, चाळीस मिनिटांची, दोन वेळा बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मग ती बत्ती खाली काढा, पुसू नका, जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि एका बाजूने उजेड टाका. आधी तिचं चित्र काढा. मग वडिलांना शेजारी बसवा, मोबाइल डब्याला टेकवून सुरू करा, आणि अर्धा तास काही विचारू नका. ते बत्तीला हात लावतील तेव्हा हात आधी कुठे जातो ते बघा, कडीला की काच फिरवायच्या जागेला. बोलता बोलता कुठे थांबतात ते त्याच रात्री लिहून ठेवा.

अर्धं पान झालं तरी इथे टाका, मी नक्की वाचेन. आणि त्या बत्तीची हिरवी काच शाबूत आहे का, तेही कळवा.