पोटाचं डायलिसिस नियमित चालू असूनही बाबांचा थकवा आणि खाज का जात नाही?

माझी आई परळच्या चाळीत २ वर्षं हेच डायलिसिस घरी करतेय, त्यामुळे तुमची काळजी कळते. निरोगी किडनीचं सगळं काम डायलिसिस करत नाही. खाजेमागे बऱ्याचदा वाढलेला फॉस्फरस आणि कोरडी त्वचा असते, थकव्यामागे कमी हिमोग्लोबिन. या डायलिसिसमध्ये रक्त साफ करायला पोटात नळीने २ लिटर औषधी पाणी भरून ठेवतात, त्यात साखर, म्हणून भूकही मरते.

आई रात्र रात्र पाय चोळत बसायची. ‘वयाचं आहे गं’ म्हणायची, डॉक्टरांना सांगायचीच नाही. शेवटी मी सगळं वहीत लिहून नेलं, तेव्हा तपासणीत लोह कमी निघालं. बाबांचंही असंच लिहून न्या. फॉस्फरसची गोळी दिली असेल तर जेवणासोबतच द्या. आणि पोटातून बाहेर काढलेलं डायलिसिसचं पाणी गढूळ दिसलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.