एक्स्ट्रा की क्लब? आधी गाडीतली मीटिंग बंद करा

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. मुलगी पाचवीत आहे, जन्म ऑक्टोबर २०१४ चा. चार वर्षं एवायएसओ या मुलांच्या सॉकर संघटनेच्या कोअर लीगमध्ये (मूळ, सगळ्यांसाठीची लीग) खेळतेय, गेल्या हंगामात १४ गोल केले. कोचने एक्स्ट्राच्या, म्हणजे एवायएसओच्याच निवडक संघांच्या, ट्रायआउटला (निवड चाचणीला) पाठवा म्हणून सुचवलंय. मला वाटतं थेट एखाद्या स्पर्धात्मक सॉकर क्लबलाच घालावं, कारण पुढे स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी सॉकरवर स्कॉलरशिप मिळवायची तर तयारी आतापासूनच हवी. मी प्रत्येक मॅच रेकॉर्ड करतो आणि परतताना गाडीत तिच्या चुका समजावून सांगतो, पण हल्ली ती हेडफोन घालून बसते. गॅरेजमध्ये बॉल टांगून हेडिंगचा सरावही घेतो. पुढच्या हंगामात ती चौदाखालच्या गटात अकरा-अकराच्या मॅच खेळणार, म्हणून आठवड्यातून दोनदा खाजगी ट्रेनर आणि एकदा फुटसाल (छोट्या मैदानावरचा पाच-पाचचा सॉकर) लावायचा विचार आहे. त्यासाठी रविवारची मराठी शाळा सोडावी लागेल. तिची आई म्हणते, घाई करू नका. आपला सल्ला हवा आहे. – एक बाबा

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रात गोलांचा आकडा आहे, ट्रेनर आहे, स्टॅनफर्ड आहे. मुलीला काय हवंय, हे मात्र कुठेच नाही. तिच्या वागण्याबद्दल तुम्ही एकच गोष्ट लिहिलीत, ती म्हणजे ती हेडफोन घालून बसते. मला काळजी वाटली ती त्या वाक्याची. एक्स्ट्रा आणि क्लब यांचं नंतर बघू.

मॅच संपते तेव्हा अकरा वर्षांची मुलगी दमलेली असते, भुकेली असते, आणि आपलं कुठे चुकलं हे तिला तुमच्या आधी कळलेलं असतं. हुकलेला पास मैदानावरच्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच पास तुम्ही गाडीत पुन्हा काढता, जिथून तिला उठूनही जाता येत नाही. तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच, की बाबांना माझा खेळ आवडला नाही. पुढच्या मॅचला एक गोष्ट नीट बघा. तिच्या पायातून बॉल गेला की ती लगेच बॉलमागे वळते, की आधी टचलाइनकडे, तुमच्याकडे बघते? बघत असेल, तर त्या दोन सेकंदांत समोरची मुलगी पुढे निघून गेलेली असते. अशी मुलं हळूहळू बॉल मागणंच सोडतात. आला की लगेच कुणाकडे तरी ढकलून मोकळी होतात, कारण पायात बॉल नसला की चूकही होत नाही. तुम्ही घेत असलेल्या मेहनतीचा परिणाम तुम्हाला हवा त्याच्या अगदी उलटा होतोय.

म्हणून या आठवड्यापासून गाडीत खेळाचा विषय तुम्ही काढायचा नाही. भूक लागलीय का विचारा, पाणी द्या, तिची गाणी लावू द्या. ती स्वतः बोलली तर ऐका, आणि ऐकून झाल्यावर ‘पण’ने वाक्य सुरू करू नका. रेकॉर्डिंग तिने मागितलं तरच दाखवा. मॅच चालू असताना सूचना फक्त कोचच्या. कोचने ‘बॉल धरून ठेव’ सांगितलेलं असतं आणि टचलाइनवरून मराठीत ‘मार, मार!’ ऐकू येतं, तेव्हा ती दोघांचंही नीट ऐकू शकत नाही.

आता स्कॉलरशिप. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर सविस्तर लिहायला हवं. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी जेमतेम सात-आठ जणी पुढे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये (स्तरात) खेळतात, आणि सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमध्ये दोन-तीन. त्यातही ‘पूर्ण स्कॉलरशिप’ क्वचितच. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या महिला संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी मदत देता येत होती आणि बहुतेक संघ ती पंचवीस-तीस मुलींत वाटत असत, म्हणजे एकीच्या वाट्याला फीचा काही भाग. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांवरची ती मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू हा नियम आला, पण म्हणून प्रत्येक कॉलेजने जास्त पैसा घातलाच असं नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये आणि हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप दिलीच जात नाही. स्टॅनफर्डच्या महिला संघाने २०११, २०१७ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. तिथे देशाच्या युवा संघांत खेळलेल्या मुली येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिव्हिजन वनचे कोच मुलींशी भरतीबद्दल थेट बोलू शकतात ते दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. पाचवीतल्या मुलीचे १४ गोल कुणाच्याही वहीत नाहीत, आणि ते तिच्या भल्याचंच आहे. क्लबची दोन-तीन हजार डॉलरची वार्षिक फी, वर टूर्नामेंट, हॉटेल आणि पेट्रोल, हे सगळं सात वर्षं ‘गुंतवणूक’ म्हणून भरणार असाल तर तेच पैसे तिच्या कॉलेजसाठीच्या ५२९ या शिक्षण-बचत खात्यात टाका. सॉकरवर खर्च करायचा तो तिला आज खेळायला आवडतं म्हणून.

हायस्कूलचा संघ, ओडीपी (निवडक खेळाडूंचा प्रशिक्षण कार्यक्रम), ईसीएनएल (वरच्या दर्जाच्या क्लबांची राष्ट्रीय लीग) हे मार्ग तुम्हाला ठाऊकच असतील. त्यांचा विचार तेरा-चौदाव्या वर्षी करूनही उशीर होत नाही.

तुमचा मूळ प्रश्न: एक्स्ट्रा की क्लब? तिला खेळायचं असेल तर माझं मत स्पष्टपणे एक्स्ट्राच्या बाजूने आहे. एवायएसओ १९६४ मध्ये टॉरन्सला सुरू झाली ती स्वयंसेवकांच्या बळावर, आणि ‘एव्हरीवन प्लेज’ हे तिचं तत्त्व एक्स्ट्रालाही लागू आहे: प्रत्येक मुलीला किमान अर्धी मॅच मैदानावर मिळतेच. क्लबच्या बऱ्याच संघांत अशी हमी नसते. तळाच्या संघात निवड झालेली मुलगी पूर्ण फी भरून बाकावर बसलेली दिसते. एक्स्ट्रा कोअर आणि क्लबच्या मधली पायरी आहे. कोअरमध्ये संघ मुद्दाम समतोल केलेले असतात, एक्स्ट्रामध्ये ट्रायआउट घेऊन निवडतात, त्यामुळे शेजारी आणि समोर दोन्हीकडे तयार मुली असतात. साधारणपणे आठवड्याला दोन सराव, शनिवार-रविवारी मॅच, आणि जवळपासच्या रीजनपर्यंत (एवायएसओच्या स्थानिक शाखांपर्यंत) प्रवास. फी कोअरपेक्षा जास्त, क्लबपेक्षा खूपच कमी.

तिथे गेल्यावर १४ गोलांचे कदाचित तीन होतील, त्याची मानसिक तयारी तुम्ही करा. कोअरमध्ये वेगवान मुलगी बॉल पुढे मारून त्यामागे धावते आणि गोल होतो. एक्स्ट्रामध्ये मागची बचावपटूही तितकीच वेगवान असते, त्यामुळे बॉल आला की पहिला स्पर्श कुठे पडतो यावर सगळं ठरतं. कोच तिला फुलबॅकलाही (मागे, बचावाच्या कडेला) खेळवेल. ती शिक्षा नव्हे. तिथून सगळं मैदान समोर दिसतं आणि बॉल येण्याआधी मान वळवून बघायची सवय लागते. कोचला ‘तिला फॉरवर्ड खेळवा’ असा मेसेज पाठवू नका.

वयोगटाबद्दलची तुमची माहिती जुनी आहे. २०२६-२७ च्या हंगामापासून एवायएसओसह प्रमुख संघटनांनी जन्मवर्षाचा हिशेब सोडून १ ऑगस्ट ते ३१ जुलै हा शाळेच्या वर्षाशी जुळणारा हिशेब धरला आहे. जुन्या हिशेबाने २०१४ ची मुलगी चौदाखाली गेली असती. नव्या हिशेबाने ऑक्टोबर २०१४ चा जन्म म्हणजे आणखी एक वर्ष बाराखालीच: नऊ-नऊच्या मॅच, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, चार नंबरचा बॉल. म्हणजे अकरा-अकराची घाई उरलीच नाही. मात्र ती आता गटातल्या सगळ्यात मोठ्या मुलींपैकी असेल. उंची आणि वेग यामुळे ती उठून दिसेल, त्याला कौशल्य समजू नका. दोन वर्षांत बाकीच्या मुली वाढतात तेव्हा हा फायदा संपतो.

आणि गॅरेजमधला तो बॉल आजच खाली काढा. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांमुळे यूएस सॉकरने २०१५ मध्ये अकरा वर्षांखालच्या गटांपर्यंत हेडिंगवर बंदी जाहीर केली. एवायएसओच्या बाराखालच्या गटात दोन वयांची मुलं एकत्र असतात, म्हणून तिथे मॅचमध्ये आणि सरावात दोन्हीकडे बंदी आहे. तिने मॅचमध्ये मुद्दाम हेड केलं तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही) मिळते. तुम्ही तिला जे शिकवताय ते आज नियमात बसत नाही आणि तिच्या मेंदूसाठी धोक्याचं आहे. चौदाखाली गेल्यावरही सरावात आठवड्याला तीस मिनिटं आणि १५-२० हेडर एवढीच मुभा असते, ती कोचच्या देखरेखीखाली वापरू द्या.

तुमचं वेळापत्रक मी मांडून पाहिलं: एक्स्ट्राचे दोन सराव, एक मॅच, दोन दिवस ट्रेनर, एक फुटसाल. सहा दिवस झाले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे की आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने मुलांना त्यांच्या मुख्य खेळापासून सुट्टी द्यावी, आणि एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवावं. या वयात टाचेच्या मागे वाढीची चकती अजून कूर्चेची असते आणि पोटरीचा स्नायू तिला सतत ओढत असतो. भार वाढला की तिथे दुखायला लागतं. सेव्हर्स म्हणतात त्याला. टाच दोन्ही बाजूंनी हलकी दाबल्यावर ती कळवळली, किंवा सरावानंतर चवड्यांवर चालू लागली, तर ‘सवय होईल’ म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या. ट्रेनर आणि फुटसाल दोन्ही रद्द करा, असंच मी सांगेन. त्याऐवजी तिला आवडलं तर रोज पंधरा मिनिटं भिंतीशी: उजव्याने पास, डाव्याने पास, आणि बॉल परत येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे नजर. कमकुवत पायाला दुप्पट वेळ.

ट्रायआउटची तयारी फार नसते. बूट नवे घेऊ नका. घ्यायचेच असतील तर तीन आठवडे आधी, नाहीतर दुसऱ्या तासाला टाचेला फोड येतो आणि ती लंगडायला लागते. पुढच्या टोकाला खिळा असलेले बेसबॉलचे बूट चालत नाहीत. शिनगार्ड, कानातलं काढलेलं, भरपूर पाणी, वीस मिनिटं आधी हजर. कानातल्यावर टेप लावून चालेल असं धरू नका, म्हणून त्या महिन्यात नवीन कान टोचू नका. आत बहुतेक वेळ चार-चार, पाच-पाचच्या छोट्या मॅच असतात. बघणारे गोल मोजत बसत नाहीत. बॉल घेताना शरीर मोकळ्या बाजूला वळलंय का, बॉल गेल्यावर लगेच परत मिळवायला धावते का, चुकलेल्या जोडीदारणीशी कशी वागते, हे बघतात. तिला ‘सगळ्यांना ड्रिबल करून दाखव’ असं सांगून पाठवलंत तर नेमकं तेच तिच्या विरोधात जाईल. आणि तुम्ही पार्किंगमध्ये थांबा.

रीजनच्या संयोजकांना आधीच विचारून घ्या: सराव कोणत्या वारी, रविवारी मॅच किती, टूर्नामेंट सक्तीच्या आहेत का, कोअरही सोबत खेळायचं का, फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती. रविवारच्या मॅच कळल्या की मराठी शाळेशी बोला. हंगामात चार-पाच रविवार बुडाले तर तिथल्या ताई समजून घेतात. शाळा सोडू नका. आठवड्यातली ती एकच जागा आहे जिथे ती मराठी बोलणाऱ्या तिच्या वयाच्या मुलांत असते आणि जिथे कुणी तिचे गोल मोजत नाही.

तुमच्यासाठीही एक काम सुचवतो. एवायएसओला रेफरी कायम कमी पडतात. ऑनलाइन सुरक्षा-प्रशिक्षणं, कन्कशनचं (डोक्याला मार लागून मेंदूला होणाऱ्या दुखापतीचं) प्रशिक्षण, पार्श्वभूमी तपासणी आणि रीजनल रेफरीचा कोर्स, एवढं केलंत की लहान मुलांच्या मॅचमध्ये शिट्टी तुमच्या हातात येईल. तुमची खेळातली आस्था खरी आहे, ती इथे कामी येईल. मैदानाच्या मधोमध उभं राहिल्यावर बाहेरचा आवाज आत कसा पोचतो तेही कळेल.

हे सगळं पुढचं. आधी तिला विचारा, आणि विचारताना आई समोर असू द्या, कारण तुमच्या एकट्यासमोर ती तुम्हाला हवं तेच उत्तर देईल. प्रश्न साधा ठेवा: एक्स्ट्राला जायचंय, कोअरलाच मैत्रिणींबरोबर राहायचंय, की यंदा सुट्टी हवीय? उत्तर द्यायला चार दिवस द्या आणि मध्ये आठवण करू नका. कोअर म्हणाली तर कोअर. तिसरा पर्याय निवडला तरी तो मान्य करायची तयारी असेल तरच विचारा. आणि ती ट्रायआउट देणार असेल, तरी कोअरची नोंदणी आजच करून ठेवा. बहुतेक रीजनमध्ये लवकर नोंदणीची सवलत आणि जागा दोन्ही ट्रायआउटचा निकाल लागेपर्यंत संपत आलेल्या असतात. निवड झाली तर फी वळती होते का, तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.