सही तुझी, तर साइटही तुझी

लातूर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. विजेच्या कामाच्या पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र हातात पडलं आणि लगेच एक ठेकेदार दारात आला. महिन्याला ठरलेली रक्कम, साइटवर यायची गरज नाही, रिपोर्टवर सह्या तेवढ्या करायच्या. घरच्यांना हे पसंत आहे, पोरीला उन्हातान्हात हिंडायला नको म्हणून. मला विचारलंस म्हणून सांगते, हे काम धरू नकोस.

नियम तुला पाठ आहे. काम परवानाधारक ठेकेदाराचं, प्रत्यक्ष देखरेख प्रमाणपत्रवाल्या पर्यवेक्षकाची आणि हात परवानाधारक वायरमनचे. यातला मधला माणूस नुसता कागदावर असला की खांबावरचं पोरगं एकटं पडतं. अपघात झाला तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ खाली चौकशी लागते. विद्युत निरीक्षक विचारतो, देखरेखीला कोण होतं? तेव्हा ठेकेदार तुझ्या सहीवर बोट ठेवेल आणि तू तर ते गावसुद्धा पाहिलेलं नसेल.

आपल्याकडे सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसतो, तसा प्रकार आपल्या धंद्यातही आहे. परवाना बायकोच्या नावानं, टेंडर बायकोच्या नावानं आणि तिला एचटी-एलटीमधला, म्हणजे उच्चदाब-लघुदाबामधला फरक कुणी सांगितलेला नसतो. तू दोन वर्षं आयटीआयला घासून आलीस, वायरमनचं काम केलंस, परीक्षा दिलीस. तुला त्या रांगेत बसवणं मला पटत नाही.

पगार थोडा कमी चालेल, पण साइट माग. ३३/११ केव्ही उपकेंद्राचं, म्हणजे तेहतीस हजार व्होल्टची वीज अकरा हजारावर उतरवणाऱ्या ठिकाणचं काम मिळालं तर उत्तम. पाया, स्ट्रक्चर, ब्रेकर, केबल, अर्थिंग, टेस्टिंग, सगळं एकाच कुंपणात शिकायला मिळतं. जालन्याच्या स्टील मिलमध्ये मोठा लोड कसा सांभाळतात ते बघ. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात भूमिगत केबलचं काम आहे, तेही बघ. सौर पंपांचं काम गावोगाव निघालंय, तेही कर. पण ध्यानात ठेव, ऊन आहे तोवर पॅनल जिवंतच असतं आणि डीसीचा आर्क, म्हणजे तार तोडताना उडणारी ज्योत, एसीसारखी सहज विझत नाही.

आता साइटवर तुझं कोण ऐकणार, हा तुझा दुसरा प्रश्न. तुझ्या वडिलांच्या वयाचे वायरमन असतील, त्यांना मामा-काका म्हण, अहो-जाहो कर. तार कुठून ओढायची, वळणावर स्टे, म्हणजे खांबाला ताण देणारी तार, कशी मारायची, हे त्यांना विचार, त्यांना ते तुझ्यापेक्षा जास्त कळतं. एका बाबतीत मात्र कुणाचं ऐकायचं नाही. लाइन बंद आहे की नाही, हे तू ठरवायचं.

आपल्याकडे गावठाणचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन, वेगळा आणि शेतीचा वेगळा, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच खांबांवरून जातात. ऑपरेटर फोनवर सांगतो, "मॅडम, बंद केलंय." काय बंद केलंय? खालची का वरची? लाइन बंद असल्याचं परमिट लेखी घे; फीडरचं नाव, वेळ, देणाऱ्याचं नाव. एबी स्विच, म्हणजे लाइन तोडायचा खांबावरचा स्विच, उघडलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघ, कुलूप लाव, चावी तुझ्या खिशात. मग टेस्टर, मग उरलेली वीज जमिनीत सोडायचा डिस्चार्ज रॉड, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ. दोन्ही बाजूंना यासाठी की गावात कुणाच्या जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये शिरली, तर ती ट्रान्सफॉर्मरमधून चढून अकरा हजार व्होल्ट होऊन येते. एवढं होईपर्यंत खाली उभे असलेले लोक कुरकुरतात. कुरकुरू दे. पहिल्या महिन्यात तुझी चेष्टा होईल, "मॅडमला लय भ्या वाटतं." हळूहळू त्यांच्या बायका तुला ओळखायला लागतील आणि मग ते तुझ्याशिवाय खांबावर चढायला नको म्हणतील. माझ्या टोळीत हे असंच झालं.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त खोट्या सह्या तिथंच होतात. आपली काळी माती पावसाळ्यात ओली गच्च असते, तेव्हा रीडिंग सुंदर येतं. वैशाखात तीच माती फाटते, भेगा जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत जातात, पाइपाला माती चिकटून राहत नाही आणि तेच रीडिंग कुठच्या कुठं जातं. मुरमाड माळावर, खाली काळा कातळ लागला तर आणखी वाईट. डीपीला, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, तीन अर्थिंग असतात, न्यूट्रलचं, बॉडीचं आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लायटनिंग अरेस्टरचं. साधारण पाच ओहमच्या आत पाहिजे. ठेकेदार श्रावणात रीडिंग घेऊन फाइल बंद करायला बघतो. तू रिपोर्टवर तारीख आणि जमीन ओली की कोरडी, हे स्वतःच्या हातानं लिही. मे महिन्यात परत मोजायला लाव. अर्थ टेस्टरचे खिळे दोन पावलांवर ठोकून आकडा काढणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी उभी राहा. खड्डा बुजवायच्या आधी फोटो आणि मोजमाप. एकदा माती पडली की आत किती पट्टी गेली, हे देवालाच ठाऊक.

माणसं टिकवायची तर पैसे आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दे. बाजार झाल्यावर दिलेल्या पैशाला निम्मी किंमत. बीडकडची टोळी असेल तर दिवाळीच्या सुमाराला ती ऊसतोडीला जाणार, मुकादमाची उचल आधीच खाल्लेली असते. तुझ्या चिडण्यानं ते थांबणार नाहीत. खांब उभे करायचं काम त्याआधी उरक. तार ओढायचं सुगी झाल्यावर ठेव, कारण उभ्या ज्वारीतून तार ओढू देणारा शेतकरी मला तरी भेटलेला नाही.

इथं एक सांभाळ. बांधावरच्या भांडणाला आणि बिलाच्या पाठपुराव्याला सारखं तुलाच पाठवतील. "मॅडम गेल्या की काम होतं." ऐकायला गोड आहे, पण वर्षभरानं बघशील तर टेस्टिंग दुसराच कुणी शिकलेला असेल आणि तू ऑफिसच्या बाकावर बसलेली. एकदा जा, दुसऱ्यांदा साइट इंजिनिअरला पाठव.

आता जे कुणी बोलत नाही ते. उपकेंद्राच्या साइटवर संडास नसतो. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि आपल्याकडचं ऊन बेचाळीसच्या पुढं जातं. शौचालयाची सोय मालकानं कायद्यानं करायची आहे, उपकार म्हणून नव्हे. काम सुरू व्हायच्या आधी माग, एस्टिमेटमध्येच घालायला लाव. नंतर मागितलं की नखरे म्हणतात. सेफ्टी बेल्ट आणि रबरी हातमोजे तुझ्या मापाचे घे. मोठ्या मोज्यात पान्ह्यावर पकड बसत नाही. कुणी वेडंवाकडं वागलं तर सहन करून मोठेपणा मिळत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या फर्ममध्ये अंतर्गत समिती नसली तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं.

स्वतःचा ठेका घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. घे, पण आधी मोजमाप पुस्तक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहून बिल ठरवायचं पुस्तक, वाचायला शीक. नफा तिथं ठरतो. बिलं महिनोन्‌महिने अडकतात, सुरक्षा ठेव आणखी अडकते, आणि मजुरी मात्र दर आठवड्याला द्यावी लागते. तेवढी गाठ बांधल्याशिवाय टेंडर भरू नकोस. बँकेचं खातं आणि चेकबुक तुझ्याकडे. भावाला हिशेबाला ठेवायचं असेल तर पगारावर ठेव.

ठेकेदाराला सोमवारी उत्तर द्यायचं म्हणालीस. नेमणूकपत्र माग, त्यात साइटचं नाव, रोजची हजेरी आणि लाइन बंद करण्याचा अधिकार लिहून घे. नाही म्हणाला तर सोड, दुसरी कामं आहेत. मी दोन ठिकाणी शब्द टाकते. आणि "ऑफिसला लागेल" म्हणून तो मूळ प्रमाणपत्र ठेवून घ्यायला बघेल. झेरॉक्स दे, त्यावर कुठल्या कामासाठी दिली ते लिही. मूळ कागद घरी तुझ्याच पेटीत राहू दे.

तुझी,
मावशी