दीड महिन्याच्या मांजरीच्या पिल्लांना कोणतं खाद्य द्यावं? दूधभात चालेल का?

दूधभात नको. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढासा जीव दिवसभरात सुकतो. भातात तर मांजराला लागणारं टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य नसतंच. ते कमी पडलं की पुढे दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतं. कुत्र्याचं खाद्यही त्याच कारणासाठी टाळा.

पाकिटावर ‘किटन’ आणि ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे दोन्ही शब्द बघा. नुसतं ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर तो खाऊ, जेवण नव्हे. कोरड्या खाद्यात प्रथिनं ३० टक्क्यांच्या वर हवीत. ओल्या पाऊचवर १० टक्के दिसले म्हणून दचकू नका: त्यात ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत १० प्रथिनं, म्हणजे सुमारे ४५ टक्के.

कोरड्या खाद्याचे दाणे कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवून, बोटाने चिरडून लापशीसारखे करा. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. उरलेलं तासाभरात उचला, उन्हाळ्यात त्याआधीच. ब्रँड बदलायचा तर आठवडाभर जुन्यात मिसळत न्या. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र चमचाभरही नको. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबली तर आधी जंताचं औषध झालंय का ते डॉक्टरांकडे तपासा.