'पेक्षा' असताना 'जास्त' कशाला?

परळहून एका ताईंनी विचारलंय: मुलीने निबंधात 'आमची बिल्डिंग शेजारच्या बिल्डिंगपेक्षा जास्त उंच आहे' असं लिहिलं. बाईंनी 'जास्त'वर काट मारून 'द्विरुक्ती' असा शेरा दिला. हे बरोबर आहे का?

काट मारण्याइतकी चूक नाही, पण बाईंना उगाच खटकलेलं नाही. तुलनेचं काम 'पेक्षा' एकटाच करतो. तो आलाय संस्कृत 'अपेक्षा'वरून, म्हणजे कशाच्या तरी संदर्भाने पाहणं. संस्कृतातले तुलनेचे प्रत्यय 'तर-तम' मराठीत 'उच्चतर', 'लघुतम' अशा तयार शब्दांपुरतेच उरले. (आपलं 'तारतम्य' त्याच जोडीतलं, जाता जाता सांगतो.)

लालबागमधली तीन मजली चाळ घ्या. 'आमची चाळ समोरच्या चाळीपेक्षा उंच आहे' हे वाक्य आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी खरंच राहतं. 'आमची चाळ उंच आहे' असं मात्र आता कोणी म्हणणार नाही. अर्थविचारवाले, म्हणजे शब्दांच्या अर्थाचा अभ्यास करणारे, याची फोड अशी करतात: 'उंच' हा शब्द वस्तूला मोजपट्टीवरच्या खुणेशी जोडतो आणि 'पेक्षा' दोन खुणा ताडून बघतो. तत्त्वज्ञ मॅक्स क्रेसवेल यांनी १९७६ मध्ये मोजपट्टीवरच्या अशा खुणांवरच तुलनेचा अर्थ उभा केला. नुसतं 'उंच' म्हटलं की दुसरी खूण न बोलता धरलेली असते, आणि ती वस्तीप्रमाणे सरकते.

मग 'जास्त' काय करतो? माझ्या कानाला तरी 'समोरच्या चाळीपेक्षा जास्त उंच' म्हटलं की दोन्ही चाळी मुळातच उंच ठरतात. 'बुटका' घेतलात तर हे चटकन जाणवेल. 'तो माझ्यापेक्षा दोन इंच बुटका आहे' म्हणणारा सहा फुटी असू शकतो. 'तो माझ्यापेक्षा जास्त बुटका आहे' म्हटलंत, की तुम्हीही बुटक्यांत जमा!

नामाची गोष्ट वेगळी. 'दादरला माटुंग्यापेक्षा जास्त गर्दी असते' यातला 'जास्त' काढून बघा, वाक्य लंगडतं. तिथे द्विरुक्तीचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा ताई, निबंधातल्या त्या दोन बिल्डिंगा किती मजल्यांच्या आहेत? दोन्ही टॉवर असतील, तर 'जास्त' खुशाल राहू द्या.