आधी एक डाकिरी जमव
घरी कॉकटेल बनवायला शिकताना दारूच्या बाटल्या गोळा करायची घाई करू नकोस. आधी एक डाकिरी, म्हणजे रम-लिंबाचं कॉकटेल, नीट जमव: 60 मिली पांढरी रम, 25 मिली ताजा लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा गार पाक. अंदाजाने ओतू नकोस, मापानेच घे. 5 मिली रस जास्त पडला तरी आंबटपणा लगेच वर येतो. बर्फ फ्रीजरमधून थेट शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात), भरपूर. पाणी सुटलेला बर्फ घातला तर पेय उगाच पातळ होतं. 10-12 सेकंद जोरात हलव. शेकरवर बाहेरून दव धरलं, बोटं गारठली की गाळून घे. मार्टिनी, निग्रोनी या कॉकटेलांत रस नसतो, ती बर्फावर नुसती ढवळायची. आणि हो, या दोन्हींत लागणारी व्हर्मूथ उघडली की फ्रीजमध्येच ठेव. ती वाइनपासून बनते, बाहेर ठेवली की चव उतरते.