रस्त्यावरची धूळ आणि रांगणारे बाळ

प्रश्न : आमचे घर नागपूरच्या महाल भागात, वर्दळीच्या रस्त्याला लागून आहे. सकाळी झाडलेली ओसरी दुपारपर्यंत पुन्हा काळसर धुळीने भरते. नऊ महिन्यांची नात आता रांगू लागली आहे. पेट्रोलमधील शिसे तर केव्हाच गेले. मग ही धूळ साधी मातीच समजावी काय?
— एक आजोबा, महाल

उत्तर : वर्दळीच्या रस्त्यावरची धूळ निव्वळ साधी माती समजू नये. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशात २००० साली थांबली, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु शिसे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही की विरत नाही, आणि रस्त्याकडेच्या मातीत पूर्वी साठलेले शिसे खोदकाम होताच पुन्हा वर येते. (आपल्या शहरात रस्ता खोदलेला नसणे हीच बातमी ठरावी.) जुन्या तैलरंगाचे पोपडे त्यात भर घालतात. टायर झिजून जस्त आणि ब्रेक झिजून तांबे व अँटिमनी धुळीत मिसळतात. त्यांचा इंजिनाच्या धुराशी संबंध नसल्यामुळे २०२० पासूनच्या बीएस-६ (धूर कमी करण्याच्या सरकारी मानकाच्या) इंधनाने किंवा ई-रिक्षांनीही ते थांबत नाहीत. डिझेलचा धूर आणि पेटवलेला कचरा यांतून बेंझो-ए-पायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे येऊन बारीक कणांना चिकटतात.

मोठ्या माणसांच्या शरीरात ही धूळ श्वासावाटे जाते, तशी थोडी अन्नातूनही जाते. रांगत्या मुलाच्या बाबतीत मात्र हातातोंडाची वाट अधिक महत्त्वाची. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि शिशाची निर्धोक म्हणावी अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

म्हणून कोरडा फडा मारणे आधी थांबवावे, कारण त्याने जाड कचरा निघतो व घातक बारीक कण हवेत उडून पुन्हा फरशीवर बसतात. ओसरीवर पाणी शिंपडून मग झाडावे, घरात ओल्या फडक्याने पुसावे, जोडे बाहेर ठेवावेत आणि नातीचे हात व खेळणी दिवसातून अनेकदा धुवावीत. कूलर रस्त्याकडच्या खिडकीत असेल, तर त्याच्या टाकीतील गढूळ पाणी सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) कुंडीत ओतू नये. एवढे करूनही शंका उरली, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून तिच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे.